बिनठिपक्याच्या पिशव्या

रक्तपेढीतल्या ताई बोलायला तिखट आणि हाताला मऊ. सव्वीस वर्षं त्यांनी त्या एका खोलीत काढली होती. दोन खाटा, एक टेबल, निळ्या द्रावणाची बाटली, भिंतीला लागून काचेच्या दाराचा मोठा फ्रीज आणि मागच्या अंगणाकडे उघडणारी खिडकी. गावातल्या निम्म्या लोकांच्या दंडाच्या शिरा त्यांना चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीच्या होत्या. सुईला घाबरणारा कुणी आला की त्या त्याला त्याच्या सासुरवाडीबद्दल काहीतरी खोचक विचारायच्या. तो चिडून उत्तर द्यायला तोंड उघडायचा, तोवर पिशवीत धार लागलेली असायची.

त्यांचे यजमान शिंपी होते. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं आणि गाव त्यांना काका म्हणायचं. नवरा काका आणि बायको ताई, हे नातं नेमकं कसं लागतं असा प्रश्न गावात कधी कुणाला पडला नाही. मूलबाळ नव्हतं. दुपारचा डबा दोघं दुकानातच खायची, कापडाच्या ताग्यांच्या आडोशाला बसून.

गावाच्या उत्तरेला एक बंद पडलेली दगडाची खाण होती. तिच्या पोटात तीन पिढ्यांपासून काही कुटुंबं राहत होती. ती कुठून आली हे नीट कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला खात्रीनं माहीत होतं. गाव त्यांना खाणीवाले म्हणायचं. गटारं उपसायला, भिंती पाडायला, मेलेली जनावरं उचलायला ते लागायचे. काम झालं की त्यांनी परत जावं, अशी अपेक्षा असायची. दुकानात त्यांना वस्तू हातात कुणी देत नसे, फळीवर ठेवत. ताईही त्यांच्याबद्दल काही वेगळा विचार करत नव्हत्या. खरं तर विचारच करत नव्हत्या.

मग एका सकाळी सूतगिरणीचं छप्पर कोसळलं.

दहा वाजेपर्यंत इस्पितळाचे व्हरांडे भरले. बारापर्यंत फ्रीज रिकामा झाला. मोठ्या डॉक्टरांनी फाटकावर माणूस पाठवून लोकांना हाक घातली. फाटकावर तोबा गर्दी होती, पण ती बघायला आली होती. पुढे आले बारा-पंधरा जण. बाकीच्यांना अचानक घरची कामं आठवली.

दुपारी एकच्या सुमाराला उत्तरेकडच्या रस्त्यानं खाणीवाले आले. बायका, पुरुष, एकामागे एक. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांच्यापुढे त्यांची मुकादमीण होती, चाळिशीची, उंच, डोक्याला फडकं बांधलेली. दारात उभी राहून ती म्हणाली, "रक्त पाहिजे म्हणून ऐकलं. आम्ही बेचाळीस जण आहोत. चालत असेल तर घ्या."

"चालत असेल तर म्हणजे?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे आमचं चालत असेल तर."

ताईंनी तिला खाटेवर झोपवलं. दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. मुकादमीण त्यांच्या हातांकडे बघत होती. थोड्या वेळानं ती सहज विचारावं तसं म्हणाली, "दोन-दोन घातलेत का हो हातमोजे?"

ताईंनी खाली पाहिलं. घातले होते. एकावर एक, दोन्ही हातांत. कधी घातले ते त्यांचं त्यांनाच आठवत नव्हतं. सव्वीस वर्षांत त्यांनी कधी दोन जोड घातले नव्हते. त्यांचे कान तापले. त्यांनी वरचा जोड ओढून काढला, टोपलीत टाकला आणि सुई टोचली. पण त्या एका प्रश्नानं ताईंच्या आत कुठेतरी जे कुसळ रुतलं, ते मग निघालंच नाही.

त्या दिवशी खाणीवाल्यांच्या अडतीस पिशव्या भरल्या. चार जण अशक्त निघाले, त्यांना परत पाठवलं तर त्यांनी वाद घातला. गिरणीतली एकोणीस माणसं त्या आठवड्यात वाचली.

पुढचे काही महिने बरे गेले. खाणीवाले मधूनमधून रक्त द्यायला येऊ लागले. ताईंच्या त्यांच्याशी गप्पा होऊ लागल्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या गुडघ्यात कळ येते, हे त्यांना कळू लागलं. आणि मग गावात कुजबुज सुरू झाली. गिरणीतला एक कामगार बरा होऊन घरी गेल्यावर दारू पिऊन बायकोला मारू लागला होता. तो आधीही तेच करायचा, पण आता त्याला कारण मिळालं होतं. "माझ्या अंगात त्यांचं रक्त घातलंय," असं तो चौकात उभा राहून सांगायचा आणि लोक मान हलवायचे. खाणीवाल्यांचं रक्त जड असतं, ते ज्याला चढवलं त्याचा स्वभाव फिरतो, असं बोललं जाऊ लागलं. शिकलेली माणसंही हसत हसत म्हणायची, "नाही, तसं काही नसतं म्हणा. पण उगाच कशाला?"

एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी ताईंना आपल्या खोलीत बोलावलं. ते ताईंपेक्षा दहा वर्षांनी लहान होते, माणूस वाईट नव्हता. त्यांच्यापुढे टेबलावर तपकिरी रंगाच्या गोल चिकटपट्ट्यांचा एक कागद होता. नखाएवढे ठिपके.

"ताई, नातेवाईक विचारायला लागलेत," ते म्हणाले. "काल एकानं सही करायला नकार दिला. आपण एक करू. खाणीवरून आलेल्या पिशवीवर हा एक ठिपका लावायचा. बाहेर कुणाला कळायचं कारण नाही. कुणी अडून बसलं तर बिनठिपक्याची द्यायची. बस."

"आणि ठिपक्याच्या पिशव्या कुणाला द्यायच्या?"

"ज्यांना चालतील त्यांना."

"म्हणजे ज्यांच्यामागे विचारणारं कुणी नाही त्यांना."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही वाकडं घेताय. मला लोकांचे जीव वाचवायचेत. त्यासाठी लोकांचा विश्वास लागतो."

"मला हे लेखी द्या."

"लेखी कसं देणार?"

"मग मीही ते तोंडी विसरते," असं म्हणून ताई उठल्या. तो कागद त्यांनी टेबलावरच राहू दिला.

त्या रविवारी ताईंची सुट्टी होती. सोमवारी सकाळी त्यांनी फ्रीज उघडला तर आतल्या खाणीवरच्या पिशव्यांवर ठिपके होते. त्यांची जोडीदारीण कोपऱ्यात उभी राहून उगाच काचेच्या नळ्या पुसत होती. आवाज बारीक म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे. अठरा वर्षं दोघींनी एका खोलीत काम केलं होतं.

"तू लावलेस?"

"डॉक्टर स्वतः उभे होते गं," चिमणी म्हणाली. "मी काय करणार? माझ्या घरी माहितीये ना तुला काय आहे ते."

माहीत होतं. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. ताईंनी खुर्ची फ्रीजजवळ ओढली, एक-एक पिशवी काढून मांडीवर घेतली आणि नखानं ठिपके उचकटायला सुरुवात केली. गार पिशवीवरचा डिंक सहज सुटत नव्हता. त्या ओल्या कापसानं तो पुसत होत्या. चिमणी म्हणाली, "असं करू नकोस गं, नोकरी जाईल." ताई म्हणाल्या, "दार लावून घे, गारवा जातोय." अकरा वाजेपर्यंत फ्रीजमध्ये एकही ठिपका राहिला नाही. मग त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि आपण काय केलं ते सांगून आल्या. डॉक्टर एवढंच म्हणाले, "संध्याकाळी बोलू आपण." संध्याकाळपर्यंत सगळंच बदललेलं होतं.

दुपारी तीन वाजता पोस्टमन धावत रक्तपेढीत आला. अंगात खाकी सदरा, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. त्याच्या बायकोची सकाळी सुटका झाली होती. मूल ठीक होतं, पण रक्त थांबत नव्हतं. ती शुद्धीवर नव्हती. तिचा गट दुर्मीळ होता आणि फ्रीजमध्ये त्या गटाच्या दोनच पिशव्या होत्या. ताईंनी झटपट जुळवणी केली. जुळलं. त्यांनी पिशव्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि सहीचा कागद पुढे केला.

पोस्टमननं पेन हातात घेतलं, तेवढ्यात त्याची आई आत आली. तिच्यामागे आणखी तिघं-चौघं नातेवाईक.

"थांब," म्हातारी म्हणाली. "कुणाचं आहे ते विचारलंस का?"

पोस्टमननं ताईंकडे पाहिलं. तो रोज काकांच्या दुकानात पत्रं टाकायचा, दोन मिनिटं बसायचा. मवाळ माणूस. "ताई," तो म्हणाला, "खाणीवाल्यांचं नाही ना? तेवढं सांगा."

"तपासलेलं आहे," ताई म्हणाल्या. "रोग नाही, दोष नाही, जुळलंय. सही कर, वेळ नाही."

"पण कुणाचं?" म्हातारीनं विचारलं.

"आजी, माणसाचं."

तोवर मोठे डॉक्टर आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते ताईंच्या कानाशी येऊन म्हणाले, "वही उघडा. बघा आणि सांगून टाका यांना."

नोंदवही ताईंच्या कपाटात होती, किल्ली त्यांच्या कमरेला. त्यांनी कपाट उघडलं, पिशवीवरचा क्रमांक वहीत शोधला. पहिली पिशवी खाणीवरची. दुसरी पिशवी खाणीवरची. दुसऱ्या ओळीत तर मुकादमिणीचाच अंगठा होता. ताईंनी वही मिटली.

त्या घटकेला काय काय त्यांच्या मनात आलं, ते पुढे त्यांना पुष्कळ वेळा आठवावं लागलं. "नाही, त्यांचं नाही," एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. म्हातारी शांत झाली असती, पोस्टमननं सही केली असती, पिशवी चढली असती. पण सकाळभर त्या मांडीवर पिशव्या घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या नखांत अजून तो डिंक होता. आपण आता 'त्यांचं नाही' म्हटलं, तर त्यांचं वाईट असतं हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं. आणि असंही वाटलं की ही माणसं ऐकतील. बाई आत मरतेय, कसे ऐकणार नाहीत?

"मी सांगणार नाही," ताई म्हणाल्या. "आज सांगितलं तर उद्या प्रत्येकाला सांगावं लागेल. हे रक्त चांगलं आहे. माझ्यावर भरवसा ठेव. सव्वीस वर्षांत मी कुणाला वाईट पिशवी दिलेली नाही."

"सांगत नाही म्हणजे त्यांचंच," म्हातारी म्हणाली.

"सही कर रे," ताई पोस्टमनला म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सही कर बाबा, पाया पडते तुझ्या."

पोस्टमननं आईकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "निर्णय तुमचा आहे." मग कुणीतरी म्हणालं की मोठ्या शहरात नेऊ, दोन तासांचा तर रस्ता आहे, तिथे पाहिजे तसलं रक्त मिळतं. आणि एकदम सगळ्यांना तेच पटलं. डॉक्टरांनी विरोध केला, पण तोंडातल्या तोंडात. ताई ट्रे हातात घेऊन गाडीपर्यंत धावत गेल्या. गाडीचं दार त्यांच्या तोंडावर लागलं.

बाई वाटेतच गेली. शहर यायला अजून अर्धा तास होता.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही, आणि कळलं ते असं की रक्तपेढीतल्या बाईनं हट्टापायी एका बाळंतिणीचा जीव घेतला. आदल्या दिवशीपर्यंत ज्यांनी ताईंना आपल्या दंडाच्या शिरा दाखवल्या होत्या, ते रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. ताई पोस्टमनच्या घरी गेल्या. म्हातारीनं दार उघडलं, त्यांना ओळखलं आणि ती ओरडलीसुद्धा नाही. "आता काय घ्यायला आलात?" एवढंच तिनं विचारलं. आतून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू येत होतं. ताई पायरीवरूनच परतल्या.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी गावातली पन्नास-साठ माणसं खाणीकडे गेली. दगडांना तिथे तोटा नव्हता. मुकादमिणीच्या भावाचा एक डोळा त्यात गेला. त्याला इस्पितळात आणलं, पण फाटकावर जमाव होता, म्हणून तसंच परत नेलं.

इस्पितळानं फ्रीजमधल्या सगळ्या पिशव्या नष्ट केल्या. कुठली कुणाची याचा भरवसा नाही, सबब सगळ्याच शंकास्पद, असा शेरा मारला. वही होती, क्रमांक होते, एका दुपारात सगळा उलगडा झाला असता. पण वही बघायची कुणाची इच्छा नव्हती. एकसष्ट पिशव्या गेल्या. त्यात खाणीवाल्यांच्या बावीस होत्या आणि बाकी गावाच्या. चिमणीनं सांगितलं, जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या थैल्या भरभरून नेल्या म्हणे.

चौकशी झाली. लांब टेबलामागे तिघं बसले होते, एका बाजूला मोठे डॉक्टर. समोरच्या कागदावर लिहिलेलं होतं की माझ्याकडून अविचारानं चूक घडली, याबद्दल मी क्षमा मागते. खाली सहीची जागा.

"सही केलीत तर निवृत्तीपर्यंत दुसऱ्या विभागात बसता येईल," मधले गृहस्थ म्हणाले. "कुणालाच ताणायचं नाहीये."

"कुठली चूक?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"ठिपके काढले ती, की त्या पोराला सांगितलं नाही ती?"

"दोन्ही एकच आहे की."

"एक नाही," ताई म्हणाल्या. "ठिपके मी काढले. परत लावलेत तर परत काढीन. त्याची क्षमा मागणार नाही. दुसऱ्या गोष्टीचं मी काय करू ते मला कळत नाही. मी खोटं बोलले असते तर ती जगली असती. रोज सकाळी उठल्यावर पहिलं तेच आठवतं. त्याची क्षमा मी तिच्याजवळ मागेन, तुमच्याजवळ कशी मागू? तुम्ही कोण तिचे?"

डॉक्टर खाली मान घालून बसले होते. ताई त्यांच्याकडे वळल्या. "आणि डॉक्टर, तुम्ही मोठ्यानं एकदा म्हणाला असतात, 'हे चढवा, मी सांगतो,' तर पोरानं सही केली असती. तुमचं त्यानं ऐकलं असतं. मी वाट बघत होते तुमची."

ताईंनी कागद तसाच ठेवला. दोन दिवसांनी घरी बडतर्फीचं पत्र आलं. ते दुसराच पोस्टमन घेऊन आला.

दुकानाची तऱ्हा वेगळी नव्हती. लोक यायचे आणि अर्धवट शिवलेले कपडे परत न्यायचे. एक जण तर बिनबाह्यांचा सदरा घडी करून घेऊन गेला. काका गळ्यात टेप अडकवून गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे. ते ताईंना काही म्हणाले नाहीत, एक महिना, दोन महिने. डबा दोघं तसाच खात होती. मग एक दिवस जेवता जेवता काका थांबले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "अगं, एक विचारू? राग मानू नकोस."

"विचारा."

"एक ठिपका होता. एवढासा." त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं. "लावू दिला असतास तर काय बिघडलं असतं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईंना सोपं गेलं असतं. त्यांनी घास खाली ठेवला. हातमोज्यांची गोष्ट सांगावी असं वाटलं, पण ती सांगून काकांना काय कळणार होतं? "माहीत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. काकांनी मान हलवली आणि डब्याचं झाकण लावलं.

खाणीवर जायचा ताईंना धीर होत नव्हता. एक दिवस मुकादमीणच त्यांना रस्त्यात भेटली. गटार उपसायचं काम चाललं होतं, ती काठावर उभी राहून माणसांवर लक्ष ठेवत होती. ताई थांबल्या. भावाचा डोळा कसा आहे, असं त्यांनी विचारलं.

"डोळा नाही राहिला," मुकादमीण म्हणाली. "भाऊ आहे."

"मी यायला पाहिजे होतं."

"नाही आलात ते बरं झालं. तुम्ही आलात की मागून दगड येतात."

मुकादमिणीनं फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकली.

"तुमच्याबद्दल वाईट नाही म्हणत मी," ती म्हणाली. "तुम्ही चांगल्या आहात. पण आम्हाला कुणी विचारलं का हो? ठिपका लावतायत म्हणून मला सांगितलं असतंत, तर मी म्हटलं असतं, लावू दे. आमच्या कपाळावर जन्मापासून आहे, पिशवीवर आणखी एक. निदान त्या बाईचं बालंट आमच्यावर आलं नसतं आणि माझ्या भावाचे दोन्ही डोळे राहिले असते. तुमची लढाई तुमची होती. मार आमच्या वाट्याला आला."

"असं कसं म्हणतेस?" ताई म्हणाल्या. "तुमच्यासाठीच..."

"तेच तर." मुकादमीण वळली आणि खालच्या माणसाला ओरडून म्हणाली, "अरे, कोपरा राहिला तो!" मग परत ताईंकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "जा आता. लोक बघतायत."

थंडीचे दिवस सुरू झाले तेव्हा चिमणी एकदा घरी आली. अंगावरची शाल न काढताच दाराशी बसली. इस्पितळात आता दोन फ्रीज झाले होते. एक मोठा, जुना. एक छोटा, नवीन. दोन नोंदवह्या, दोन रंगांचे कागद. हे सगळं आता लेखी होतं, वरून सही-शिक्क्यानिशी आलं होतं. त्यामुळे ठिपक्यांची भानगडच उरली नव्हती.

"छोट्या फ्रीजमध्ये काय आहे?" ताईंनी विचारलं.

"काही नाही," चिमणी म्हणाली. "रिकामाच चालू असतो. ते लोक येतच नाहीत आता. मागच्या आठवड्यात त्यांचा एक जण पायावर भिंत पडून आला. मोठ्या फ्रीजमधलं द्यायचं नाही असा नियम आहे. छोट्यात नव्हतं." तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी जुळवणीसुद्धा करून ठेवली होती गं. पण दिलं नाही. माझं धाडस नाही झालं."

"गेला?"

चिमणीनं मान हलवली. ताईंनी तिला चहा करून दिला. आणखी काय करणार? तिला दोष देण्याइतकी जागा त्यांच्या मनात उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई इस्पितळात गेल्या. मधल्या सात महिन्यांत त्यांनी त्या रस्त्यावर पाऊल टाकलं नव्हतं. रक्तपेढीत चिमणी एकटीच होती. ताई सरळ जाऊन खाटेवर बसल्या आणि त्यांनी बाही वर केली.

"घे," त्या म्हणाल्या. "वयात बसतंय अजून माझं. वजनही बसतंय."

"अगं, तू..."

"घे म्हणते ना. आणि पत्त्यात खाण लिही. पिशवी छोट्या फ्रीजमध्ये ठेवायची."

"तसं करता येत नाही," चिमणी रडकुंडीला आली. "पत्ता खोटा कसा लिहू? आणि तू त्यांच्यातली नाहीस, छोट्यात चालणार नाही. आणि तुझं नाव बघितल्यावर मोठ्यातही कुणी..." ती थांबली.

"मोठ्यातही कुणी घेणार नाही," ताईंनी वाक्य पुरं केलं. "ठीक आहे. तरी घे. तिथे माणूस येईल, मग बघू. जुळलं तर चढव. या वेळी चढव."

चिमणीनं पट्टा बांधला. पहिल्यांदा तिच्याकडून शीर चुकली. ताईंनी स्वतःच दुसऱ्या हाताच्या बोटानं जागा दाखवली. खिडकीबाहेर अंगणात धुतलेल्या चादरी वाळत होत्या. छोटा फ्रीज नवीन असल्यामुळे मोठ्यापेक्षा जास्त आवाज करत होता.

भरलेली पिशवी टेबलावर ठेवून चिमणीनं कापूस लावला, हात दुमडून धरायला सांगितलं. ताई उठल्या. दाराबाहेर आल्यावर त्यांना जरा गरगरलं म्हणून त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिथून काचेतून आतलं दिसत होतं. चिमणी पिशवी हातात घेऊन मोठ्या फ्रीजपाशी गेली. दार उघडलं. बंद केलं. छोट्या फ्रीजपाशी गेली. त्याच्याही दारावर तिनं हात ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं कोपऱ्यातली पिवळी थैली पुढे ओढली, पिशवी अलगद तिच्यात ठेवली, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तशी, आणि तोंड भिंतीकडे करून उभी राहिली.

ताई आत गेल्या नाहीत. त्या पायऱ्या उतरल्या आणि हळूहळू चालत बाजाराच्या कोपऱ्यावर आल्या. दुकानात काका एका जुन्या कोटाचं अस्तर उसवत बसले होते. तो कोट त्यांचा स्वतःचाच होता. हाताला काम पाहिजे म्हणून ते त्याला तिसऱ्यांदा अस्तर लावत होते. त्यांनी ताईंच्या दुमडलेल्या हाताकडे पाहिलं.

"कुठे गेली होतीस?"

"रक्त द्यायला."

काकांचा हात थांबला. "घेतलं त्यांनी?"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी कसलीशी आशा आली होती.

"घेतलं," त्या म्हणाल्या.

"बघ," काका म्हणाले. "निवळतंय हळूहळू. मी म्हणत नव्हतो?" त्यांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं. ते उठले, ताग्यांच्या आडोशाची खुर्ची पुसून त्यांनी पुढे सरकवली. "बस. पाणी पी. पांढरी पडलीयेस."

ताई बसल्या. पाणी प्यायल्या. रस्त्यावरून माणसं जात-येत होती. काका मधूनच मान वर करून त्यांच्याकडे बघत होते, कुणीतरी आता आत वळेल म्हणून.